हुंड्याचा कायदा आणि संसदेची दोन सभागृहे



आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत हुंड्याविरुद्धचा ठराव एकमताने संमत होतो आणि पुढच्याच लग्नसराईत विस्मृतीत जातो. जे एकमत इतके सुलभ असते, त्याची कसोटी लागलेली नसते. दिल्लीच्या संसदेत मात्र याच प्रश्नावर एकमत झाले नाही. तो इतिहास आपणांस बोधप्रद आहे.

आपल्या राज्यघटनेने संसदेची दोन सभागृहे निर्माण केली. लोकसभा जनतेने प्रत्यक्ष निवडलेली. मंत्रिमंडळ तिलाच सामुदायिकरीत्या जबाबदार असते. राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांच्या विधानसभांतील आमदार निवडतात. ही सभा कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. धनविधेयकावर राज्यसभेला १४ दिवसांच्या आत केवळ शिफारशी करता येतात. परंतु सामान्य कायद्यास दोन्ही सभागृहांची संमती हवी, आणि मंत्र्यांना दोन्हीकडे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

सन १९५९ मध्ये सरकारने हुंडाबंदीचे विधेयक लोकसभेत मांडले. हुंडा वाईट, याविषयी दुमत नव्हते. वाद होता तो हुंडा म्हणावे कशास, आणि लग्नातील भेटवस्तू त्यात धराव्यात काय, याविषयी. दोन्ही सभागृहांचा मेळ बसेना. अखेर घटनेच्या १०८ व्या कलमान्वये दि. ६ व ९ मे १९६१ रोजी संयुक्त बैठक भरली. मतभेद मिटविण्यासाठी भरलेली ही पहिलीच संयुक्त बैठक होय. त्यानंतर असे प्रसंग १९७८ व २००२ असे दोनच वेळा आले.

दि. १ जुलै १९६१ पासून कायदा अमलात आला. पण त्यात एक फट राहिली. विवाहाचा ‘मोबदला’ म्हणून दिले तरच तो हुंडा. एरवी लग्नातील रोकड, दागिने, कपडे या भेटी मानल्या जात. मोबदला म्हणून दिले, हे सिद्ध कोणी करावयाचे? सन १९८० मध्ये संसदेने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमून आपल्याच कायद्याची परीक्षा केली. समितीच्या १९८२ च्या अहवालानंतर, १९८४ मध्ये ते स्पष्टीकरण वगळण्यात आले व ‘मोबदला’ याऐवजी ‘विवाहासंबंधात’ अशी व्यापक शब्दयोजना झाली. ज्या शंकेवरून एके काळी सभागृहे अडली होती, तिचे निरसन होण्यास तेवीस वर्षे लागली. त्या विलंबाची किंमत लेकीबाळींनी मोजली.

मी शिक्षक असताना वर्गातील एका हुशार मुलीची शाळा सुटली. याद्या करण्याच्या बैठकीत वरपक्ष म्हणाला होता, “हुंडा आम्हांस नको, हौसेने काय द्याल ते द्या.” त्या हौसेपायी तिच्या वडिलांचे शेत गेले. त्या बैठकीस मीही होतो. सर्वांबरोबर मीही मान डोलावली, प्रश्न विचारला नाही. ती खंत आजही आहे.

संसदेस दुसरे सभागृह असते ते थांबवून विचारण्यासाठी. आपल्या घरच्या बैठकीत ते काम कोणी करावयाचे? यंदा ठराव संमत करताना प्रत्येक कुटुंबाने एवढे ठरवावे, की याद्यांच्या वेळी आपल्यापैकी एकाने तरी उठून विचारावे, “ही भेट की मोबदला?”

इति शुभम्.