पडदा कोणाचा? मुक्तस्रोत डेस्कटॉपच्या रूपावरील वादाचा इतिहास

१/ संगणक आपण विकत घेतो. परंतु त्याच्या पडद्यावरील खिडकीची चौकट कशी असावी, तिचे बटण कोणत्या कोपऱ्यात असावे, मेन्यू कोणत्या भाषेत उघडावा, हे ठरवतो कोण? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर 'बनवणारी कंपनी' एवढेच आहे. मुक्तस्रोत जगात मात्र या प्रश्नावर कित्येक दशके वाद चालू आहे. त्या वादाचा हा धागा.

२/ सन १९८४. अमेरिकेतील एमआयटीमध्ये 'प्रोजेक्ट अथेना' या उपक्रमात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक एकत्र नांदवायचे होते. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तेथे 'एक्स विंडो सिस्टीम' उभी केली. तिचे सूत्र असे : यंत्रणा पुरवावी, धोरण लादू नये. एक्स पडद्यावर आयत काढून देई आणि माऊस व कीबोर्डची हालचाल कळवी. त्या आयताला चौकट, शीर्षकपट्टी आणि बटणे देण्याचे काम 'विंडो मॅनेजर' या स्वतंत्र प्रोग्रामकडे होते.

३/ या एका निर्णयाने सारे पुढचे घडले. विंडो मॅनेजर बदलला की पडद्याचे रूप पालटे. आतले प्रोग्राम होते तसेच राहत. १९८७ मध्ये टीडब्ल्यूएम आला, १९९३ मध्ये त्यातूनच एफव्हीडब्ल्यूएम निघाला. रंग, मेन्यू, कळांचे संकेत, सारे एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायचे. स्वातंत्र्य अमर्याद होते. पण ते ती फाइल लिहिता येणाऱ्यांपुरतेच होते.

४/ नेमक्या या उणिवेवर जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिक याने बोट ठेवले. प्रत्येक प्रोग्रामचा चेहरा वेगळा, मेन्यूची रीत वेगळी; सामान्य माणसाने हे वापरावे कसे? १४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याने 'केडीई' प्रकल्पाची घोषणा केली. वैविध्याच्या जगात एकरूपतेची ही मोठी मागणी होती.

५/ परंतु केडीई ज्या 'क्यूटी' या पायावर उभे होते, तिचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' सुरू केले. येथे भांडण रूपाचे नव्हते. ते रूप मुळापासून बदलण्याचा हक्क कोणाकडे राहील, याचे होते. २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आली. तोवर दोन घराणी वसली होती.

६/ आरंभीच्या ग्नोममध्ये वापरकर्ता हवा तो विंडो मॅनेजर निवडू शके. धातूच्या, दगडाच्या, कल्पनेतल्या यानांच्या रूपात पडदा सजवणाऱ्या 'एनलाइटनमेंट'चे अनेक चाहते होते. मात्र २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सामान्य वापरकर्त्यांना ग्नोमपुढे बसवून पाहणी केली, तेव्हा जाणकारांना सोपे वाटणारे बरेच काही इतरांना अडवते, हे उघड झाले.

७/ २००२ मध्ये रेड हॅटमधील ग्नोमचे विकसक हॅवॉक पेनिंग्टन यांनी एका गाजलेल्या निबंधात मांडले की प्रत्येक पर्यायाला किंमत असते. गणित साधे आहे. चालू-बंद करण्याचे २० पर्याय ठेवले, तर त्यांच्या १०,४८,५७६ जुळण्या होतात. त्या सर्व तपासणार कोण? शिवाय मूळ दोष दुरुस्त करण्याऐवजी 'पर्याय देऊन टाका' ही पळवाट सापडते. जून २००२ मधील ग्नोम २.० याच विचाराने घडले. अनेक बटणे आणि खिडक्या त्यातून गेल्या.

८/ त्याच ग्नोम २.० मध्ये 'पँगो' ही अक्षररचनेची प्रणालीही आली, आणि येथे या कथेचा आपल्याशी थेट संबंध येतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, पण लेखनात आधी येते. जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे जाणणारी यंत्रणा असल्याविना मराठी मेन्यू अशक्य होता. पुढे 'लोहित'सारखे मुक्त फाँट आले आणि ग्नोम मराठीतही उपलब्ध झाले. त्यासाठी कोणत्याही कंपनीची अनुमती लागली नाही. चौकटीचा रंग बदलण्याचे पर्याय कमी झाले. पडद्याची भाषा बदलण्याचे सामर्थ्य मात्र वाढले.

९/ तरीही नाराजी शमली नाही. २००५ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ग्नोमवर कठोर टीका करून लोकांना केडीई वापरण्याचा सल्ला दिला. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले, तेव्हा तर जुनी मांडणीच गेली : खालची कामपट्टी नाही, खिडकी लहान करण्याचे बटणही नाही. टोर्व्हाल्ड्स यांनी एक्सएफसीईचा आश्रय घेतला.

१०/ बंद स्रोताच्या जगात गोष्ट येथे संपली असती. येथे ती सुरू झाली. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा सोर्स कोड उचलून तो वेगळ्या नावाने पुढे चालवला. दक्षिण अमेरिकेतील पेयावरून त्याचे नाव ठेवले 'माते'. लिनक्स मिंटच्या मंडळींनी ग्नोम ३ च्याच पायावर जुन्या वळणाचा 'सिनॅमन' रचला. इकडे ग्नोमनेही वापरकर्त्यांनी लिहिलेल्या एक्स्टेन्शनांना दार उघडे ठेवले.

११/ वादाची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०१९ मध्ये काही ॲप-विकसकांनी खुले पत्र लिहून वितरकांना विनंती केली की आमच्या ॲपचे रूप परस्पर बदलू नका. थीममुळे अक्षरे पार्श्वभूमीत विरून जातात आणि तक्रारी मात्र विकसकाकडे येतात. पुढे ग्नोमच्या 'लिबअद्वैता'ने नव्या ॲपना एकच ठरीव रूप दिले. ग्नोमच्या मूळ थीमचे 'अद्वैता' हे नाव मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही!

१२/ मग पडदा कोणाचा? मातेची पुढची कहाणी येथे बोलकी आहे. तिच्या पायातील जीटीके २ जुने झाले. काहीही बदलू नये म्हणून जन्मलेल्या या डेस्कटॉपला टिकण्यासाठी आतून सारे बदलावे लागले. जीटीके ३ वरचे ते स्थलांतर २०१७ मधील १.१८ आवृत्तीत पूर्ण झाले. वरून पाहणाऱ्याला फरक जाणवू नये, हेच त्या श्रमाचे यश होते.

१३/ परवाना आपल्याला बदलण्याचा हक्क देतो. तो हक्क टिकवतात ते राबणारे हात. पर्यायाच्या प्रत्येक बटणामागे ते वर्षानुवर्षे चालू ठेवणारा कोणीतरी असतो. म्हणून आवडत्या डेस्कटॉपमधील एखादी सोय नाहीशी झाली, तर 'ती का काढली?' या प्रश्नाबरोबर 'ती सांभाळत कोण होते?' हाही प्रश्न विचारावा. या चाळीस वर्षांच्या वादाचे सार बहुधा त्याच्या उत्तरात आहे. (धागा समाप्त)