गाडी चढावावर ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी वायर तपासा

नागपूर : उमरेड, भिवापूरहून माल भरून सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात येणारी पिकअप अचानक ओढेनाशी झाली अन् इंजिनचा लाइट लागला, तर टर्बोच गेला असं लगेच धरू नका.

टर्बो इंजिनात जादा हवा दाबतो. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. बऱ्याच गाड्यांत ती सोलेनॉइडमार्फत ईसीएम चालवतो. या सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये बिघाड झाला की स्कॅनरवर पी०२४३ कोड येतो. अनेक गाड्या तेव्हा स्वतःच ताकद कमी करतात.

असं तपासा :

१. इंजिन गार झाल्यावर सोलेनॉइडचं कनेक्टर काढा. पिना गंजल्या का, वायर उंदरानं कुरतडली का, टर्बोच्या उष्णतेनं वितळली का, ते पाहा.

२. इग्निशन ऑन करून मल्टिमीटरनं सप्लायची पिन मोजा. बॅटरीइतके, म्हणजे सुमारे १२ व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज, रिले व वायर पाहा.

३. इग्निशन बंद करून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला ओहम मोजा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मीटर ‘ओएल’ दाखवत असेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

४. दोन्ही ठीक असेल तर ईसीएमपर्यंतची वायर तपासून घ्या. ईसीएमवर शंका सगळ्यात शेवटी.

फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपनंही ताकद जाते, पण हा कोड विजेच्या सर्किटचा आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चालवून पाहा. तोवर भरलेली गाडी दामटू नका. अन् गॅरेजात टर्बो बदलायला सांगितला, तर आधी विचारा : “कोड कोणता आला, वायर मोजली का?”