खिशातली टोपी आणि खडू फासलेले बूट

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे शाळेचा गणवेश. तो कुठून आला, पोरांनी त्याचे नियम कसे वाकवले, आणि एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

सुरुवात जरा लांबून करू. लंडनमध्ये 1552 साली 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' नावाची शाळा निघाली. नावात हॉस्पिटल असलं तरी ही गरीब, अनाथ मुलांची शाळा. तिथल्या मुलांना लांब निळा कोट आणि पिवळे मोजे मिळायचे, आणि आजही त्या शाळेचा गणवेश जवळपास तोच आहे. म्हणजे गंमत बघा, तेव्हा गणवेश ही प्रतिष्ठेची खूण नव्हती. हे पोर दानधर्मावर शिकतंय, एवढंच तो सांगायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांच्या शाळांनी आपापले कोट, टाय, टोप्या ठरवल्या आणि गणवेशाला रुबाब आला. मिशनरी आणि इंग्रजी शाळांबरोबर ही पद्धत आपल्याकडे पोचली.

आपल्या खाकी चड्डीचं मूळ मात्र लष्करात आहे. खाक म्हणजे धूळ, माती. 1840 च्या दशकात सरहद्दीवरच्या 'गाइड्स' पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे घालायला सुरुवात केली. तिथून खाकी फौजेत गेली, पोलिसांत गेली, आणि होता होता पांढऱ्या शर्टाखाली आपल्या अंगावर आली.

पण मला सगळ्यात आवडते ती टोपीची गोष्ट. असहकाराच्या काळात, म्हणजे 1920 नंतर, खादीची पांढरी टोपी सरकारच्या डोळ्यांत खुपायला लागली. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा गांधी टोपी घातली म्हणून लोकांना त्रास दिला गेला, डोक्यावरच्या टोप्या उतरवायला लावल्या. तेव्हा ती टोपी डोक्यावर ठेवणं हीच बंडखोरी होती.

मग स्वातंत्र्य आलं, आणि तीच टोपी गावोगावच्या शाळांत गणवेशात आली. आता घातली नाही तर छडी! माझे काका साठच्या दशकात खेड्यातल्या शाळेत शिकले. ते सांगतात, टोपी कायम खिशात घडी करून असायची. मास्तर दिसले की डोक्यावर, पाठ फिरली की परत खिशात. तपासणीला साहेब यायचे, गावात त्यांना 'दिपोटी'च म्हणत. त्या दिवशी ज्यांच्याकडे टोपीच नाही त्यांचं काय? तर एका वर्गाची तपासणी संपली की तिथल्या टोप्या मागच्या खिडकीतून पुढच्या वर्गात जायच्या. काका म्हणतात, "साहेबांनी त्या दिवशी वीस टोप्या साठ डोक्यांवर बघितल्या."

माझी शाळा नव्वदच्या दशकातली, तालुक्याच्या गावची. आमच्याकडे टोपी नव्हती, पण बाकी सगळं होतं. पांढरा शर्ट, खाकी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी. शर्ट कायम 'वाढत्या अंगाचा' शिवलेला, म्हणजे पाचवीत गुडघ्यापर्यंत आणि सातवीत बेंबीपर्यंत. पँटची खालची दुमड उसवून लांबी वाढवली की तिथे गडद पट्टा दिसायचा. ते पट्टे मोजून कपडा कितव्या वर्षात आहे ते कळायचं. शाईचा डाग पडला की त्यावर खडू. बूट मळले की त्यावरही खडू. मोठ्या वर्गातली पोरं टेलरकाकांना गाठून पँट खाली निमुळती करून घ्यायची. मुली मेंदीचे हात मुठी वळून लपवायच्या. हे सगळं आठवलं की आजही मजा वाटते.

आता ती राहिलेली गोष्ट.

सातवीत मी मॉनिटर होतो. प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरायचं, गणवेश बघायचा आणि नसेल त्याचं नाव लिहायचं. आमच्या वर्गातला एक मुलगा दर शनिवारी चपलांवर यायचा. मी दर शनिवारी त्याचं नाव लिहायचो. बूट नाहीत म्हणून शिक्षा काय, तर चपला काढून मैदानाला पाच फेऱ्या.

एका शुक्रवारी मी घरी जाताना फाटकापाशी रेंगाळलो. आमची शाळा सकाळची, पाचवी-सहावीची दुपारची. तो मुलगा फाटकापाशी बूट काढून धाकट्या भावाला देत होता. भावाने बुटाच्या टोकात कागदाचा बोळा कोंबला, पाय घातले आणि आत पळाला. हा चपला घालून घरी निघाला. दोघांत बुटांचा एकच जोड. पाच दिवस भागायचं, पण शनिवारी दोघांचीही शाळा सकाळची. मग तो बूट भावाला द्यायचा आणि फेऱ्या स्वतः मारायचा.

मला सगळं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव लिहिलं. सोडलं तर बाकीचे ओरडतील, सर मॉनिटरपद काढून घेतील, ही भीती. पेन्सिल माझ्या हातात होती. सगळी शाळा नियम वाकवत होती, आणि जिथे वाकवायला हवा होता तिथे मी वाकवला नाही.

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद दिसत नाही, असं आपण निबंधात लिहायचो. कपडा सारखा असतो हे खरं, पण तो विकत घ्यायची ऐपत सारखी नसते. सरकारी मोफत गणवेशाचंही बघा. कित्येक वर्षं तो सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांनाच मिळायचा. त्याच बाकावरची उरलेली पोरं नुसती बघत बसायची. महाराष्ट्रात त्या उरलेल्यांना तो 2023-24 पासून मिळायला लागला. पुढच्या वर्षी राज्यभर एकाच रंगाचे कपडे देताना ते उशिरा आले, कुणाला मापात बसले नाहीत, आणि खरेदी परत शाळा समित्यांकडे सोपवायचं ठरलं. म्हणजे माप घ्यायचं तर पोराजवळच जावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी आज मॉनिटर असेल, शिक्षक असेल, तर एवढंच सांगतो. नाव लिहायच्या आधी एकदा विचारा, "का रे, काय झालं?" मला तेव्हा विचारायचीही गरज नव्हती, मला माहीत होतं.

तुमच्या शाळेतल्या युक्त्या मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!