फोन कटला, फाइल वाचा

सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल बदलल्यावर तो काय करतो. ‘रीलोड मारतो,’ असंच सांगेल. सर्व्हर क्षणभरही बंद होत नाही आणि नवे नियम लागू होतात. पडद्यामागे त्या प्रोग्रॅमला एक सिग्नल जातो: सिगहप, क्रमांक १. हा सिग्नल मुळात फोन कटल्याची वर्दी देणारा. त्याचा कॉन्फिग वाचण्याशी काय संबंध?

१९७०च्या दशकात युनिक्सवर माणसं टर्मिनलवरून यायची, कित्येकदा फोनच्या लाइनीवर मोडेम लावून. लाइन मध्येच तुटली की कर्नल त्या टर्मिनलच्या प्रोग्रॅमना सिगहप पाठवी आणि ते मरत. काम सांगणाराच गेला, आता राबायचं कोणासाठी?

प्रचलित खुलासा असा, की डीमनला, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला, टर्मिनल नसतंच. त्यामुळे त्याच्या बाबतीत रिकामा पडलेला हा सिग्नल ‘फाइल पुन्हा वाच’ या कामाला लावला गेला. खुलासा खोटा नाही, पण अर्धाच आहे. सिगहपवर फाइल वाचणाऱ्या या घराण्याचा पूर्वज १९७५ साली आलेल्या बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत भेटतो, ‘इनिट’ या प्रोग्रॅममध्ये. आणि तिथे मामला फोनच्या लाइनींचाच होता.

इनिट ही प्रोसेस क्रमांक १. कोणत्या लाइनीवर लॉगिन द्यायचं ते ती ‘टीटीवाइज’ नावाच्या फाइलीत बघे. एका लाइनीला एक ओळ, ओळीत तीनच अक्षरं. पहिलं ० किंवा १, म्हणजे बंद की चालू; दुसरं टर्मिनलच्या नावातलं शेवटचं अक्षर; तिसरं लॉगिन मागणाऱ्या ‘गेटी’साठी. बंद लाइन सुरू करायची तर ०चा १ करायचा आणि ‘किल -१ १’ असा हुकूम द्यायचा: पहिला आकडा सिग्नलचा, दुसरा इनिटचा. इनिट फाइल पुन्हा वाची, वगळलेल्या लाइनीची प्रोसेस संपवी, नव्या लाइनीसाठी नवी काढी आणि जी ओळ बदललेली नाही तिला हातही लावत नसे. मला हे शेवटचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. एका पीडीपी-११ संगणकावर अनेक जण बसलेले असत. एका लाइनीपायी मशीन रीबूट करायचं म्हणजे सगळ्यांनाच उठवायचं.

१९८०च्या दशकात बर्कलीच्या इनेटडी, सिसलॉगडी या डीमननी हाच शिरस्ता उचलला. एनजिनएक्सने त्याच्याही पुढे जाऊन आधी नवी फाइल तपासायची सोय केली. चूक निघाली तर काम जुन्याच नियमांवर चालू राहतं; सगळं ठीक असेल तर नवे वर्कर उभे राहतात आणि जुने हातातलं काम उरकून जातात. पोस्टग्रेस हा डेटाबेसही सिगहपवर फाइल वाचतो, पण ‘शेअर्ड बफर्स’चा आकडा बदललात तर रीस्टार्ट चुकत नाही.

जुना अर्थ मात्र रद्द झालेला नाही. ज्या प्रोग्रॅमने सिगहप पकडायची तजवीज केलेली नाही, तो आजही या सिग्नलने मरतो. तेव्हा अनोळखी डीमनला ‘किल -हप’ देण्याआधी त्याचं मॅन पेज उघडून बघा.