पाच मिनिटं मागे

रात्रीचे नऊ. तुम्ही ऑक्सफर्डच्या कारफॅक्स चौकात उभे आहात. हातातलं घड्याळ नऊ म्हणतंय, मोबाइलही नऊच म्हणतोय, पण दक्षिणेला एका कॉलेजच्या टॉम टॉवरमधली मोठी घंटा गप्प आहे. ती वाजणार नऊ वाजून पाच मिनिटांनी. हे गाव ग्रीनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे सूर्य इथे पाच मिनिटं उशिरा पोचतो. आगगाडी आणि तारेने साऱ्या इंग्लंडला एकच वेळ लावली तरी त्या घंटेने आपला हट्ट सोडलेला नाही.

म्हणजे तुमच्या हाताशी पाच मिनिटं आहेत, आणि ती कोणाच्याच हिशेबात नाहीत. निघा.

समोरच्या कोपऱ्यावरची बँक विरघळते आणि तिथे स्विंडलस्टॉक नावाचा गुत्ता उभा राहतो. तारीख 10 फेब्रुवारी 1355, संत स्कोलास्टिकाचा दिवस. बाहेर चिखल आणि शेणाचा वास, आत दोन विद्यार्थी दारू भिकार आहे म्हणून गुत्तेवाल्याशी हुज्जत घालताहेत. गुत्तेवालाही ऐकून घेणाऱ्यातला नाही. दारू त्याच्या तोंडावर जाते, मागोमाग भांडं त्याच्या टाळक्यात. गावकऱ्यांच्या मदतीला संत मार्टिनच्या चर्चची घंटा वाजते, विद्यार्थ्यांच्या मदतीला संत मेरीची. तुमच्या कानाजवळून बाण सणसणत जातो तेव्हा कळतं, हे भांडण दारूचं नव्हतंच. भाडं, धान्याचे भाव, विद्यापीठाला राजाने दिलेली सूट, सगळं इतकी वर्षं साचत आलं होतं. आसपासच्या खेड्यांतूनही माणसं धावून येतात. तीन दिवसांत सुमारे 63 विद्यार्थी आणि तीसेक गावकरी मरतात. राजा कौल देतो विद्यापीठाच्या बाजूने. मग दरवर्षी याच दिवशी महापौराने चर्चमध्ये जाऊन 63 पेनी मोजायच्या, मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक. हे 1825 पर्यंत चाललं! आजोबांच्याही आजोबांच्या आजोबांनी केलेल्या मारामारीचा दंड.

तरी या चौकात त्यांच्यातल्या कोणाचं भूत फिरत असल्याचं ऐकू येत नाही. हे लक्षात ठेवा.

उत्तरेला वळा, वेशीतून बाहेर पडा. ब्रॉड स्ट्रीट अजून रस्ता झालेला नाही, तटाबाहेरचा खंदक आहे. 16 ऑक्टोबर 1555. लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना धर्ममतांपायी जाळायला एकाच खांबाला पाठीला पाठ लावून बांधलंय. लॅटिमर लवकर सुटतो. रिडलीच्या बाजूची लाकडं पेट घेत नाहीत, नुसती धुमसतात. पाय जळतात, ज्वाळा वर चढत नाहीत. इथे थांबू नका. पाच महिन्यांनी आर्चबिशप क्रॅन्मरची पाळी येईल. ज्या उजव्या हाताने आपली मतं मागे घेतल्याच्या कागदावर सही केली, तो हात तो आधी आगीत धरेल. आजच्या रस्त्यात तिथे दगडांचा साधा क्रॉस बसवलाय. त्यावरून सायकली जातात.

या रस्त्याच्या टोकाला एका इमारतीवर सोनेरी हत्तीचं वातकुक्कुट आहे. हत्तीला कुक्कुट म्हणावं का, ते तुम्ही ठरवा. ही एकेकाळची इंडियन इन्स्टिट्यूट. ती पुरी होण्याआधी, 1889 मध्ये, नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी या गावात येऊन कायदा शिकत होती. 1892 मध्ये परीक्षा दिली. बायकांना पदव्या द्यायला विद्यापीठ तयार झालं 1920 साली. पण एकोणिसाव्या शतकात आपल्याला उतरायचं नाही, अजून मागे जायचंय.

मर्टन कॉलेजच्या मागे, जुन्या तटाला लागून एक पायवाट आहे. नाव, डेड मॅन्स वॉक. साल 1645, वसंत ऋतू. राजा पहिला चार्ल्स याच गावात राजधानी थाटून बसलाय. राजाच्या कर्नल फ्रान्सिस विंडबँकने ब्लेचिंग्डनची गढी न लढता शत्रूच्या, म्हणजे क्रॉमवेलच्या, हवाली केली. गढीत बायका पाहुण्या आल्या होत्या, त्यांच्यासाठी त्याने हत्यार ठेवलं असं सांगतात. लष्करी न्यायालयाने त्याचं काही ऐकलं नाही. याच तटाशी त्याला गोळ्या घातल्या, अशी गावाची समजूत आहे.

तो आता तुमच्याकडे येतोय. गुडघ्यांवर चालत. घाबरू नका, तो गयावया करत नाही. पावणेचारशे वर्षांत वाटेवर भर पडून जमीन वर आली, आणि तो अजून त्याच्याच जमिनीवरून चालतोय. आपल्याकडे भूत ओळखायला पाय बघतात, उलटे आहेत का म्हणून. इथे पायच मातीखाली! मला हे भूत पटतं ते यासाठी. ज्याने कोणी ही कथा रचली, त्याला शहरं कशी चढत जातात ते ठाऊक होतं.

पलीकडे सेंट जॉन्स कॉलेजच्या ग्रंथालयात आर्चबिशप लॉडही फिरतो म्हणे, तोडलेलं स्वतःचं मुंडकं चेंडूसारखं घरंगळवत. कर्नल, आर्चबिशप. ऑक्सफर्डची भुतंसुद्धा हुद्देवाली.

आणि म्हणून शेवटचं मिनिट हाय स्ट्रीटवरच्या एका खोलीसाठी. 14 डिसेंबर 1650. मेजावर शवपेटी. आत ॲन ग्रीन, मोलकरीण. मालकाच्या नातवापासून दिवस गेले, मूल अपुऱ्या दिवसांचं, मेलेलं जन्मलं, आणि तिच्यावर बालहत्येचा आळ आला. सकाळी तिला फाशी दिली. अर्धा तास लोंबकळत होती. लवकर सुटावी म्हणून तिचीच माणसं पायांना लोंबकळली. आता विल्यम पेटी आणि थॉमस विलिस हे डॉक्टर तिची चिरफाड करणार आहेत. झाकण निघतं. घशात घरघर.

पेटी सुरी बाजूला ठेवतो. आवळलेले दात उघडून गरम औषध ओततात, पिसाने घसा खाजवतात, हातपाय चोळतात. मग ऊब मिळावी म्हणून एका बाईला तिच्या अंथरुणात तिला बिलगून झोपवतात. तुम्ही त्या बाईकडे बघत राहता. तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

ॲन जगते. माफी मिळते. गावी जाताना ती आपली शवपेटी सोबत घेऊन जाते. पुढे लग्न, तीन मुलं. या गावात खरोखर मरणातून उठून आलेली बाई ही, पण कारफॅक्सच्या त्या पोरांप्रमाणे तिलाही पर्यटकांच्या भुतांच्या सहलीत पहिला मान नाही. तिथे मुंडकं घरंगळवणारा आर्चबिशप लागतो.

दक्षिणेकडून पहिला टोला पडतो. नऊ वाजून पाच मिनिटं. त्या कॉलेजच्या मूळच्या शंभर विद्यार्थ्यांमागे एकेक आणि नंतर वाढलेल्या एकाचा एक, असे 101 टोले पडायचेत. तुम्ही पुन्हा चौकात, भोवती बस आणि चिप्सचा वास. शेजारून कोणी तरी घाईने जातं, आणि तुमची नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. मग स्वतःच्या.