लिंबूटिंबूची पायरी

लपाछपीत धाकट्या भावंडांना ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो कधी बाद होत नाही, आणि जिंकला तरी त्याला कुणी विचारत नाही. रंगात आलेल्या खेळात उशिरा आलेल्या भिडूचं काय करायचं, या सनातन प्रश्नावर आपण काढलेली ही तोड. अमेरिकेत हाच प्रश्न १९७४ पासून धुमसतो आहे आणि त्यावर पुस्तकं, कोष्टकं, पोटनियम निघाले आहेत. बँकेत वीस-बावीस वर्षं सीनियॉरिटीच्या याद्या वाचण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला या इतिहासाची गोडी लागली नसती तरच नवल!

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी धर्मगुरू. भुयारात शिरायचं, राक्षस मारायचे, खजिना आणायचा. जमलं की नाही ते फासे सांगतात. प्रत्येक पात्राची एक लेव्हल असते, आपण तिला पायरी म्हणू. कमाईचे गुण खात्यावर जमा होत जातात आणि ठरावीक शिल्लक झाली की पात्र वरच्या पायरीवर चढतं. म्हणजे पासबुकच की हे! फक्त भरणा तलवारीने करायचा.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला. गायगॅक्स पूर्वी विम्याच्या धंद्यात अंडररायटर होते हे वाचलं आणि माझा ऊर भरून आला. कोष्टकांची ही हौस दुसरीकडे कुठे लागणार? १९७१ साली त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली होती. तिच्यात ‘हीरो’ चार माणसांच्या तोडीचा आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या. तिकडे मिनेसोटात आर्नेसननी आपल्या ‘ब्लॅकमूर’ खेळात प्रत्येक भिडूच्या हाती अख्ख्या फौजेऐवजी एकच माणूस दिला, आणि तो माणूस खेळागणिक वाढू लागला. १९७४ च्या नियमांत चौथ्या पायरीच्या योद्ध्याचा हुद्दा ‘हीरो’ आणि आठवीचा ‘सुपरहीरो’, तो याच हिशेबाने.

आणि पहिल्या पायरीच्या योद्ध्याचा हुद्दा काय असावा? ‘व्हेटरन’! म्हणजे मुरलेला सैनिक. काल रुजू झालेल्याला असा भारदस्त हुद्दा देणाऱ्याने कुठेतरी नोकरी केलेली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हुद्दा भारदस्त, पण जीव मुठीत. त्या नियमांत नव्या जादूगाराचं आयुष्य ठरवायला सहा ठिपक्यांचा एक फासा, आणि शत्रूच्या घावाचं माप काढायलाही तसाच एक फासा. आयुष्याला दोन पडले आणि घावाला तीन, की खातं बंद. मंत्र एकच. धर्मगुरूला तर पहिल्या पायरीवर तेवढाही नाही. नव्या कारकुनाला खुर्ची मिळते आणि शिक्का मिळत नाही, तसंच हे.

सगळेच नवे असतात तोवर हे ठीक चालतं. भांडण लागतं ते पुढे. माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी दर रविवारी आमच्या हॉलमध्ये हा खेळ मांडतात. एकदा एका मुलीची सहाव्या पायरीवरची जादूगारीण ड्रॅगनच्या एका फुंकरीत गेली. बशीतलं भडंग बशीत राहिलं आणि युनियनच्या सभेला लाजवील अशी खडाजंगी सुरू झाली.

“आम्ही दीड वर्ष घासलीय. तिने नवीन पात्र पहिल्या पायरीपासूनच घ्यायचं,” एक जण म्हणाला.

“म्हणजे पुढचं दीड वर्ष मी तुमच्या मागे कंदील धरून चालू?” ती म्हणाली.

“मामा, तुमच्याकडे नवीन माणूस आला की काय करता हो?” भाच्याने मला मध्ये ओढलं.

“कँटीनचा रस्ता दाखवतो,” मी म्हणालो. सगळे हसले, ती सोडून. तेव्हा जाणवलं, की हे प्रकरण थट्टेवारी नेण्यातलं नाही. पुढच्या रविवारी ती आलीच नाही, तर बाकीचे आपल्या सहाव्या पायऱ्या घेऊन करणार काय?

गंमत अशी की जुन्या कोष्टकात यावर थोडा उतारा होता. योद्ध्याला दुसऱ्या पायरीला २,००० गुण लागत, तिसरीला ४,०००, चौथीला ८,०००, पाचवीला १६,०००. सगळं दामदुपटीने! आता हिशेब करा. जुना भिडू ८,००० वर, चौथ्या पायरीवर, नवा शून्यावर. दोघांनी पुढे आठ-आठ हजार कमावले की जुना पाचवीवर पोचतो आणि नवा चौथीवर. तीन पायऱ्यांचं अंतर एकावर आलं. अट एकच, नवा तोवर जगला पाहिजे. आणि ती अटच अवघड.

म्हणून लोक दुसऱ्या वाटा शोधू लागले. १९७७ साली मार्क मिलर यांनी ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळातला खेळ काढला. त्यात पायऱ्याच नाहीत. पात्र चार-चार वर्षांच्या मुदतीने नोकरी करून, अनुभव घेऊनच खेळात उतरतं. पाच मुदती भरल्या की बहुतेक खात्यांत पेन्शनसुद्धा! मात्र दर मुदतीला जगण्याचा फासा टाकायचा, आणि मूळ नियमांप्रमाणे तो उलटा पडला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच गेलं. अर्ज भरता भरता उमेदवार कैलासवासी.

खुद्द गायगॅक्सही १९७९ च्या सूत्रधारांच्या मार्गदर्शिकेत नरमले. खेळात मुरलेला माणूस वरच्या पायरीच्या मंडळींत नव्याने आला, तर त्याला थोडं वर बसवायला हरकत नाही. खेळालाच नवखा असेल त्याला मात्र पहिल्या पायरीची मजा चाखू द्या, असा सल्ला. १९९१ साली ‘डार्क सन’ आलं. हे जग इतकं रखरखीत आणि जीवघेणं, की सगळी पात्रं तिसऱ्या पायरीवरच जन्माला येतात. बँकेत याला प्रोबेशनरी ऑफिसर म्हणतात. क्लार्क मंडळी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर कुठल्याही ड्रॅगनने शिकून घ्यावी.

उलट्या दिशेनेही लोक गेले. २०१२ च्या ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’मध्ये सुरुवात शून्यापासून. प्रत्येक भिडूने दोन-चार गावकरी घ्यायचे आणि भुयारात लोटायचे. बहुतेक मरतात, जो वाचेल त्याला पहिली पायरी. आमची भरतीची लेखी परीक्षा हीच. २०१४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने मधला मार्ग काढला. पहिली पायरी ठेवली, पण दुसरी ३०० गुणांत आणि तिसरी ९०० गुणांत देऊन टाकली. शिवाय वरून सुरुवात करणाऱ्याला किती सोनं आणि काय सामान द्यावं, याचं कोष्टकही छापलं.

या सगळ्या इतिहासाचा ताळेबंद मला असा दिसतो. सुरुवातीला पायरी म्हणजे कमाई होती. हळूहळू ती टेबलाभोवतीची जागा झाली. कमाई म्हटलं की फुकट देताना पोटात दुखतं. जागा म्हटलं की थोडं सरकून बसता येतं. आमच्या हॉलमध्येही मंडळी सरकून बसली आणि त्या मुलीला पाचवी पायरी मिळाली.

दीड वर्ष घासलेल्यांचं यात काय गेलं? पाचव्या पायरीवर जन्मलेल्याच्या वहीत सोन्याची नाणी असतात, पण पहिल्या भुयारात साध्या उंदराला बघून पळाल्याची गोष्ट नसते. ती जुन्यांकडेच राहते, आणि ते ती दर रविवारी नव्याने सांगतात. नव्या भिडूने ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐकावी. पायरी फुकट मिळालेली असते. एवढं व्याज तर द्यायलाच हवं.