साक्षीदारांची कसोटी : बेयर्ड रस्टिन यांचा इतिहास

वॉशिंग्टनच्या मोर्चाचे नाव निघाले की लिंकन स्मारकापुढे भाषण करणारे मार्टिन ल्यूथर किंग आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख माणसे तेथे जमली होती. ती तेथवर कशी पोहोचली, त्यांच्या बसगाड्या कोठे थांबल्या, पाण्याची व ध्वनिक्षेपकांची सोय कोणी केली, हे आपण सहसा विचारीत नाही. दोन महिन्यांच्या आत हे सारे काम उभे करणाऱ्या माणसाचे नाव बेयर्ड रस्टिन. ते समलिंगी होते. त्यांच्या सहकाऱ्यांना हे ठाऊक होते, आणि याच कारणावरून त्यांना जबाबदारीच्या जागेवरून पुन्हा पुन्हा दूर केले गेले.

आपण आंबेडकरी माणसे कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे आपुलकीने पाहतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावही येथल्याच चळवळीवरून घेतले. म्हणूनच या लढ्याच्या गौरवकथांबरोबर त्यातील अवघड प्रकरणेही आपण वाचली पाहिजेत. आपल्यातल्याच एकावर अन्याय होत असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसांनी काय केले, हा प्रश्न रस्टिन यांच्या चरित्रात तीनदा उभा राहतो, आणि तिन्ही वेळा त्याचे उत्तर वेगळे आहे.

रस्टिन यांचा जन्म १९१२ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर येथे झाला. आजी-आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. आजीवर क्वेकर पंथाचे संस्कार होते आणि अहिंसेची शिकवण त्यांना तिच्याकडूनच मिळाली. १९४१ पासून ते ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संस्थेचे काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धात लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. १९४७ साली आंतरराज्य बसगाड्यांतील वर्णभेद मोडण्यासाठी काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांनी एकत्र प्रवास केला, त्यात ते होते. त्यापायी पुढे नॉर्थ कॅरोलिनात साखळदंडाने बांधलेल्या कैद्यांच्या टोळीत त्यांना २२ दिवस राबावे लागले. मॉन्टगोमेरीचा प्रसिद्ध बस-बहिष्कार याच्यानंतर आठ वर्षांनी सुरू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अधिकार कळतो.

जानेवारी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे पुरुषांशी लैंगिक संबंधांच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. ६० दिवसांची शिक्षा झाली. ज्या संस्थेसाठी त्यांनी बारा वर्षे घालवली, तिने त्यांना तत्काळ दूर केले. संस्थेचे प्रमुख ए. जे. मस्टी हे रस्टिन यांना पित्यासारखे होते. युद्धाला नकार देण्याचे धैर्य असलेल्या माणसांना आपल्या सहकाऱ्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य झाले नाही. त्याच वर्षी ‘वॉर रेझिस्टर्स लीग’ या दुसऱ्या संस्थेने मात्र त्यांना कामावर घेतले, आणि पुढची बारा वर्षे ती त्यांच्या पाठीशी राहिली.

त्या काळाची हवा कशी होती हेही सांगितले पाहिजे. २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे केंद्र सरकारच्या नोकरीतून काढण्याचे कारण ठरले. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. फ्रँक कॅमेनी हे हार्वर्डमधून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ लष्कराच्या नकाशा विभागात रुजू झाले आणि १९५७ साली काही महिन्यांतच बडतर्फ झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकण्यासही नकार दिला. सरकारी सेवेतील ही सरसकट बंदी उठायला १९७५ साल उजाडले. ही सारी यंत्रणा केवळ वरच्या हुकुमावर चालत नव्हती. चौकशी करणारे अधिकारी शेजारच्या मेजावरच्या माणसाला विचारीत : हा कोणाबरोबर राहतो, याच्याकडे कोण येते-जाते? कानावर आलेली कुजबुज कागदावर उतरे आणि माणूस घरी बसे. जात शोधून काढण्यासाठी आडनाव, गाव आणि खाणेपिणे यांविषयी केलेली आडवळणाची विचारपूस ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

१९५६ च्या फेब्रुवारीत रस्टिन मॉन्टगोमेरीला गेले आणि किंग यांचे सल्लागार झाले. १९५७ साली ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ स्थापन झाली, तिची प्रारंभीची टिपणे रस्टिन यांनीच तयार केली होती. मात्र १९६० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनावर मोर्चे नेण्याचे ठरले, तेव्हा हार्लेमचे काँग्रेस सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी मध्यस्थामार्फत धमकी पाठवली : मोर्चे थांबवा, नाहीतर किंग आणि रस्टिन यांचे शरीरसंबंध असल्याचे मी जाहीर करीन. आरोप धादांत खोटा होता. तरीही रस्टिन यांनी राजीनामा दिला आणि किंग यांनी तो थांबवला नाही. पॉवेल स्वतः कृष्णवर्णीय होते आणि नागरी हक्कांचे पुरस्कर्ते होते, हे विसरता येत नाही. १९६१ साली लेखक जेम्स बाल्डविन यांनी या मौनाबद्दल किंग यांच्यावर उघड टीका केली. येथे साक्षीदार मोठा होता, सज्जन होता, आणि तरीही गप्प राहिला.

तिसरा प्रसंग १९६३ चा. मोर्चाची कल्पना ए. फिलिप रँडॉल्फ यांची. आगगाडीच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय कामगारांची संघटना १९२५ साली उभी करणारे हे नेते तेव्हा ७४ वर्षांचे होते. २ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये नेत्यांची बैठक झाली. रस्टिन यांना संचालक करण्यास रॉय विल्किन्स यांनी विरोध केला. विरोधक याच माणसावरून मोर्चा बदनाम करतील, अशी त्यांची भीती होती. रँडॉल्फ यांनी वाद वाढवला नाही. संचालकपद त्यांनी स्वतः स्वीकारले. मात्र आपला साहाय्यक आपण निवडू, अशी अट घातली. निवडले अर्थातच रस्टिन यांना.

विल्किन्स यांची भीती खरी ठरली. ऑगस्टमध्ये, मोर्चाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, साउथ कॅरोलिनाचे वर्णभेदवादी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये रस्टिन यांची कम्युनिस्ट, लष्करभरती चुकवणारा आणि समलिंगी अशी निर्भर्त्सना केली आणि पॅसाडीनाच्या अटकेची नोंद कामकाजात दाखल केली. दहा वर्षांपूर्वी याच नोंदीने त्यांचे काम गेले होते. या वेळी रँडॉल्फ यांनी सर्व नेत्यांच्या वतीने रस्टिन यांच्या सचोटीवर आणि क्षमतेवर पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले. किंगही या वेळी त्यांच्या पाठीशी राहिले. रस्टिन आपल्या जागेवर कायम राहिले, आणि मोर्चा शांततेत पार पडला.

१९५३, १९६० आणि १९६३ या तिन्ही वर्षी आरोप एकच होता, माणूस तोच होता, कायदाही बदललेला नव्हता. फरक पडला तो शेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे. आपल्या मते या इतिहासाचा बोध एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

याचा पुढचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ मागणाऱ्या या मोर्चाच्या पुढच्याच वर्षी, १९६४ साली, नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीतील भेदभावाला बंदी केली. ज्याने मोर्चा उभारला त्या रस्टिन यांना समलिंगी म्हणून त्या कायद्याचे संरक्षण त्यांच्या हयातीत मिळाले नाही. १९८७ साली ते वारले. जॉर्जिया राज्यातील क्लेटन काउंटीचे कर्मचारी जेराल्ड बोस्टॉक यांची नोकरी समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल संघात सामील झाल्यानंतर गेली होती. त्यांच्या खटल्यात १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, समलिंगी असल्यावरून नोकरीवरून काढणे याच सातव्या प्रकरणाचा भंग आहे. त्यानंतर पंधराच दिवसांनी, ३० जून २०२० रोजी, कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याच्या छळाचा दावा दाखल केला, तेव्हा त्यातही याच कायद्याचा आधार घेतला होता. एकाच झाडाच्या सावलीत आपण दोघे उभे आहोत.

बाबासाहेबांच्या वारशातही याला आधार आहे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु बदनामीचे भय बाळगणाऱ्या वकिलाने तो हाती घेतलाच नसता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी मांडलेली ‘संविधानिक नैतिकता’ ही कल्पना पुढे २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त करताना आधाराला घेतली.

आपल्यापैकी बहुतेक जण या देशात संगणकाच्या, दवाखान्याच्या किंवा शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करतात. मेजावर जोडीदाराचे छायाचित्र ठेवणाऱ्या सहकाऱ्याला हळूहळू बैठकांतून वगळले जाते, त्याच्या पाठीमागे विनोद होतात, बढतीच्या वेळी ‘तो संघात मिसळत नाही’ असे म्हटले जाते. हे पाहणारे डोळे पुष्कळदा आपले असतात. त्या वेळी तारीख आणि शब्द लिहून ठेवणे, त्या सहकाऱ्याला ‘मी हे पाहिले आहे’ असे सांगणे आणि चौकशी झाली तर साक्ष देणे, एवढे आपल्या हाती आहे. साक्ष देणाऱ्यावर सूड उगवणेही याच १९६४ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरवले आहे.

हीच कसोटी आपल्या विहारांना, मंडळांना आणि घरांनाही लागू आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, मुलांना बसवून गाणी शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांत एखादा बेयर्ड रस्टिन असू शकतो. तो आपला मुलगा किंवा आपली मुलगीही असू शकते. कोणी कुजबुज घेऊन आपल्याकडे आले, तर रँडॉल्फ यांच्याप्रमाणे एवढेच सांगावे : या माणसाच्या कामाची आम्हाला खात्री आहे, आणि तो आमच्याबरोबरच राहील.